पोरके कोकरू : नुसती दया पुरेशी नाही

बोरीवली म्हटले की लोकलगाडीची गर्दी आणि उंच इमारती यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या तालुक्याच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानातील आदिवासी पाडे आहेत आणि पश्चिमेस खाडीपलीकडे गोराई, मनोरी ही कोळ्यांची व शेतकऱ्यांची जुनी गावे आहेत. महानगराच्या इतक्या जवळ असूनही अशा ठिकाणी दारात दोन-चार शेळ्या बांधलेले घर आजही आढळते. घाटमाथ्यावरचे धनगर पावसाळा संपल्यावर आपले कळप घेऊन कोकणात उतरतात व मृगाच्या आधी परत वर जातात. ती वाटही ठाणे-रायगडच्या शिवारांतूनच जाते. १९१९ साली काय किंवा २०१९ साली काय, या मुलखातील लहान कुटुंबाला शेळी-मेंढी हीच अडीअडचणीची ठेव वाटत आली आहे. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लक्ष शेळ्या आणि २७ लक्ष मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांतील फार मोठा भाग अशाच लहान दारांतला आहे.

ज्या घरी दोनच शेळ्या आहेत, त्या घरी एक करडू गेले तर वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गेला. आणि आई मेलेले करडू किंवा कोकरू बहुधा जातेच. घरचे लोक त्याच्यावर माया करीत नाहीत म्हणून ते मरते काय? तसे मुळीच नाही. लहान मुले त्याला उराशी धरतात, घरची बाई स्वतःच्या चहातले दूध त्याला पाजते, म्हातारी त्याला पदराखाली घेते. तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी हगवण लागून किंवा थंडीने गारठून ते दगावते. मग “त्याचे आयुष्यच तेवढे” असे म्हणून सर्वजण गप्प बसतात. हा दैवाचा दोष नव्हे. दया असते, परंतु ती योग्य वेळी व योग्य रीतीने पोहोचत नाही, हाच खरा दोष आहे.

पोरके कोणास म्हणावे?

आई मेली म्हणजेच पिल्लू पोरके होते असे नाही. पहिलटकरीण मेंढी कित्येकदा पिल्लाला जवळ येऊ देत नाही. कास सुजून सड बंद पडतात. शेळीला तीन करडे झाली आणि सड दोनच असले, तर सर्वांत दुबळे करडू आपोआप मागे पडते. वाटचालीत व्यालेल्या मेंढीचे कोकरू कळपामागे राहते. ही सारी पिल्ले आई असूनही पोरकीच होत. म्हणून व्याल्यानंतर अर्ध्या तासात प्रत्येक पिल्लू उभे राहून प्यायले की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. पोट बसलेले, पाठ वाकलेली आणि सारखे ओरडणारे पिल्लू उपाशी आहे असे समजावे.

पहिला प्रश्न : चीक पाजला काय?

मनुष्याच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच तिच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. शेळी-मेंढीच्या पिल्लाला ती तशी मिळत नाहीत. ती सर्व चिकातच असतात. पिल्लाच्या आतड्यातून ही द्रव्ये रक्तात जाण्याचे दार जन्मानंतर थोडाच वेळ उघडे असते. पहिल्या सहा तासांत ते चांगले उघडे असते, आणि एका दिवसानंतर जवळजवळ बंद होते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरील, परंतु रोगापासून वाचविणार नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने पोरक्या पिल्लाच्या दारात उभे राहून विचारावयाचा पहिला प्रश्न हाच : “ताई, चीक पाजला का? आणि केव्हा?”

मात्रा सोपी आहे. दर किलो वजनास एका वेळी ५० मिलिलिटर, आणि पहिल्या चोवीस तासांत एकूण २०० मिलिलिटर. तीन किलोच्या कोकराला एका वेळी १५० आणि दिवसात ६०० मिलिलिटर चीक पुरतो. दोन किलोच्या करडाला १०० आणि ४०० मिलिलिटर. आई नुकतीच मेली असेल तर तिच्याच कासेतून चीक काढता येतो. ते न जमल्यास त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा किंवा मेंढीचा घ्यावा. तोही नसेल तर गाईचा घ्यावा. मात्र एकाच गाईच्या चिकाने क्वचित कोकराचे रक्त कमी होते, म्हणून शक्य तर दोन-तीन गाईंचा एकत्र करावा.

येथे आपल्या घरातील एका आवडीच्या पदार्थाला थोडा विरोध करणे भाग आहे. गाय-म्हैस व्याली की शेजारीपाजारी खरवस वाटण्याची रीत गोड आहे. ती मोडावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यातला अर्धा लिटर चीक लहान बाटल्यांत भरून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला, तर पुढे काही महिन्यांनी एखादा जीव वाचतो. बोरीवलीच्या आसपास आता शीतपेटी फारशी दुर्मिळ राहिलेली नाही. वापरताना बाटली कोमट पाण्यात ठेवून चीक वितळवावा. चुलीवर तापवू नये. चीक कढविला की त्याचा खरवस होतो आणि त्यातील रक्षक द्रव्ये नष्ट होतात.

आधी ऊब, मग दूध

दुसरी चूक घाईची आहे. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात प्रथम स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड गरम असून ते बोट चोखत असेल तर दूध द्यावे. तोंड थंड असेल आणि मान उचलत नसेल तर दूध मुळीच ओतू नये. ते पोटात न जाता फुप्फुसात जाते. असे पिल्लू कोरडे पुसावे, गोणपाटात गुंडाळावे, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात बांधून दोन्ही बाजूंस ठेवाव्या आणि पशुवैद्यकास बोलवावे. कोकराचे नेहमीचे तापमान ३९ ते ४० अंश सेल्सियस असते. ते ३७ च्या खाली गेल्यास जीव धोक्यात आहे असे समजावे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावण्यास विसरू नये. कोकणच्या दमट हवेत ओल्या जमिनीवरून नाळेतून रोग शिरण्यास वेळ लागत नाही.

बाटलीपूर्वी दुसरी आई

पोरके पिल्लू घरी आणले की लोक प्रथम बाटली शोधतात. वास्तविक प्रथम दुसरी आई शोधावयास हवी. मेंढी आपले कोकरू मुख्यतः वासाने ओळखते आणि ही ओळख व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पक्की होते. म्हणून ज्या मेंढीचे कोकरू मेले आहे, तिच्या वारेचे पाणी पोरक्या कोकराच्या अंगास चोळतात. मेलेल्या कोकराचे कातडे दोन-तीन दिवस त्याच्या पाठीवर बांधण्याची रीतही निरनिराळ्या देशांतील मेंढपाळांत जुनी आहे. धनगरांच्या कळपात काही शेळ्या असतात. दुधाची शेळी शांत स्वभावाची असली तर ती धरून कोकराला पाजता येते. आईच्या सडातून मिळणारे दूध ताजे, योग्य उष्णतेचे व निर्जंतुक असते, आणि ते पाजण्यास रात्री कोणी उठावे लागत नाही. बाटली हा दुसरा उपाय होय.

बाटलीची शिस्त

बाटलीवर वाढवावयाचे ठरले, तर शिस्त पाळण्याची तयारी असावी. मेंढीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ६ ते ७ टक्के असतो आणि गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के. तेव्हा गाईच्या दुधात आणखी पाणी घालणे म्हणजे कोकराला उपाशी ठेवणे होय. “नुसते दूध जड पडेल” ही समजूत सोडून द्यावी. शेळीचे दूध उत्तम. निर्भेळ म्हशीचे दूध स्निग्धांशाने मेंढीच्या दुधाजवळचे असल्याने तेही चालते. चहा, साखरेचे पाणी आणि डब्यातील बाळाचे दूध ही पिल्लाची अन्ने नव्हेत.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतके दूध दिवसातून चार-पाच वेळा विभागून द्यावे. तीन किलोच्या कोकराला दिवसाला सुमारे अर्धा लिटर. पुढे वेळा कमी करीत व मात्रा वाढवीत तिसऱ्या आठवड्यात तीन वेळांत एक लिटरपर्यंत यावे. दूध अंगाइतके कोमट असावे. वेळा रोज त्याच ठेवाव्या. एकदा चुकले म्हणून पुढच्या वेळी दुप्पट पाजू नये. हगवणीचे मोठे कारण हेच असते.

पाजताना पिल्लू चार पायांवर उभे असावे आणि मान थोडी वर असावी. तान्ह्या मुलासारखे मांडीवर उताणे निजवून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाते. निपलच्या बाटलीतून चोखल्यावर अन्नमार्गातील एक खोबण मिटते आणि दूध सरळ चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात उतरते. निपल व बाटली प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवावी. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु मळकट बाटली हे हगवणीचे दुसरे मोठे कारण आहे.

हिशेबही मांडावा

दोन महिन्यांत एका कोकराला साधारण ४० ते ४५ लिटर दूध लागते. आपल्या गावच्या दुधाच्या भावाने याला गुणावे आणि त्या वयाच्या कोकराच्या बाजारभावाशी ताडून पाहावे. जेथे दूध शहरी भावाने विकत घ्यावे लागते, तेथे हा व्यवहार कित्येकदा तोट्याचा ठरेल, हे स्पष्ट सांगणेच प्रामाणिकपणाचे आहे. परंतु यावरून पोरके पिल्लू टाकून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. दुसरी आई शोधावी, मादी पिल्लू असेल तर पुढील वेतांचा हिशेब धरावा, आणि दूध लवकर तोडावे, असा निघतो.

दूध लवकर तोडण्याचा मार्ग चाऱ्यातून जातो. दुसऱ्या आठवड्यापासून शेवरीचा किंवा उंबराचा कोवळा पाला टांगून ठेवावा. मक्याचा भरडा व शेंगदाणा पेंड मूठभर द्यावी आणि स्वच्छ पाणी सदैव असावे. कोरडे खाद्य पोटात गेल्याशिवाय रवंथाचे पोट वाढीस लागत नाही. जे पिल्लू केवळ दुधावर गुबगुबीत ठेवले, ते दूध तुटताच वाळते. जन्माच्या वजनाच्या तिप्पट झालेले व रोज भरडा नेमाने खाणारे पिल्लू दोन महिन्यांनी दुधावरून तोडण्यास हरकत नाही. जंतनाशक, आंत्रविषाराची लस व पीपीआरची लस यांच्या वेळा पशुवैद्यकास विचारून लिहून ठेवाव्या. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. तेव्हा तेथील पाड्यांवर बांधून चारा देण्यास पर्याय नाही, आणि रात्री पिल्लू भक्कम दाराच्या आत घेण्यासही नाही. बिबट्याला ओसरीवरचे करडू आयतेच सापडते.

लाडाचे मोल

घरात वाढलेले कोकरू मुलांच्या मागे फिरते, ताटाजवळ येते, अंथरुणात शिरते. हे पाहून कोणाला आनंद होणार नाही? परंतु तेच नर कोकरू वर्षाचा मेंढा झाले की त्याला माणसाची भीती उरत नाही. लहानपणी ज्याच्या धडकेला मुले हसली, तोच मेंढा त्याच मुलांना आडवे पाडतो. म्हणून बाटलीवरचे नर पैदाशीसाठी ठेवू नयेत. ते वेळीच पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावे. मादी असो वा नर, पहिल्या आठवड्यानंतर त्याला दिवसा इतर पिल्लांतच सोडावे. कळपात परत जाणे हीच पोरक्या पिल्लाच्या संगोपनाची खरी पूर्तता आहे. मुलांना हेही प्रथमच सांगावे की हे पिल्लू पुढे विकले जाणार आहे. हे न सांगता बाजाराच्या दिवशी गुपचूप दोरी सोडून नेणे हा मुलांवर अन्याय आहे.

पुढचा काळ

ही बाब किरकोळ मानू नये, यास आणखी एक कारण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील सुंदरबनच्या लहानशा गारोळ मेंढीचा जुळे देणारा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. हाच गुण ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनो मेंढीतही असून तो १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून तेथे गेलेल्या मेंढ्यांतून आला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. जुळी वाढली की दुबळे दुसरे कोकरूही वाढणार. ते वाचविण्याची विद्या घरोघर नसेल तर वाणाची सुधारणा कागदावरच राहील.

म्हणून कार्यकर्त्याने पिल्लू मेल्यावर सहानुभूती दाखविण्यास जाण्यापेक्षा शेळ्या गाभण असतानाच दारी जावे. चिकाची बाटली, निपल, आयोडीन आणि पशुवैद्यकाचा पत्ता या चार वस्तू घरात आहेत की नाहीत ते पाहावे. बोलणे घरच्या बाईशी करावे. रात्री उठून बाटली तीच देते, आणि तरीही शिक्षणवर्गाचे बोलावणे बहुधा घरधन्याला जाते. विक्रीचे पैसेही त्याच्याच हाती पडतात. जिने कोकरू जगविले, तिचा त्याच्या किमतीवर हक्क आहे, हे घरातील कर्त्या पुरुषाने न सांगता मान्य करावे. तसे झाले तर पुढच्या वेळी पहिल्या तासातच चीक पाजला जाईल, आणि कार्यकर्त्याला प्रश्न विचारण्याची गरजही उरणार नाही.