केळीच्या रोपाचा दाखला कुठपर्यंत?

मा. कुलगुरू,
नवसारी कृषी विद्यापीठ, नवसारी



सुरतेच्या उधना-लिंबायतला आम्ही खानदेशी माणसं पोटासाठी आलो, पण चोपडा, रावेर, शहाद्याकडची शेती सुटलेली नाही. पाऊस जवळ आला की लूमवरच्या गप्पांत केळीचा विषय निघतो. रोपं कोणाची घ्यायची? केवढ्याला पडतील? कामरेजकडच्या केळीवाल्यांनाही हाच घोर. गणदेवीचं फळसंशोधन केंद्र आपलं, सुरतेतली बायोटेक्नॉलॉजी संस्थाही आपलीच, म्हणून हे पत्र आपल्याला.

टिश्यू कल्चरने केळीची शेती पालटली, यात वाद नाही. कंद लावून बसराईचा घड हाती यायला दीड वर्ष जायचं. टिश्यू कल्चरची ग्रँड नैन वर्षाच्या आसपास मोकळी होते, बाग जवळपास एकदम निसवते. कंदाबरोबर येणारे सूत्रकृमी आणि सोंडकिडाही मागे राहतात.

हे रोप तयार कसं होतं? मुनव्याचा शेंडा सोलत नेऊन आतला कोवळा गाभा बाटलीत माध्यमावर ठेवतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करतात. एका शेंड्यापासून हजारो रोपं होतात, आणि मोह इथेच पडतो. फेऱ्या वाढवत नेल्या की बुटकी, वेडीवाकडी झाडं निघू लागतात. म्हणून साधारण आठ फेऱ्यांवर थांबावं, असं जाणकार सांगतात. पिशवीतलं रोप हातात घेऊन त्याची फेरी सातवी की पंधरावी, हे शेतकऱ्याने ओळखायचं कसं?

पण खरी मेख रोपवाटिकेच्या हिरव्या नेटखाली आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणीकरण सुरू केलं. त्यात विषाणूंची तपासणी होते. मात्र दाखला बोलतो तो नमुना घेतला त्या दिवसापुरता. पुढे दुसऱ्या हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावण्यासाठी, रोप कित्येक आठवडे पिशवीत असतं. जाळी फाटलेली, पलीकडे काकडी नाहीतर मिरची, एवढं माव्याला पुरतं. त्याच्याबरोबर कुकुंबर मोझॅक विषाणू येतो, आमच्याकडचा हरण्या. पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसतात, मग पोंगा सडतो. औषध नाही, झाड उपटून नष्ट करायचं. जळगाव जिल्ह्यात शेतकऱ्यांनी बागाच्या बागा अशा उपटल्या आहेत. जाब विचारायला गेलं की प्रयोगशाळा रोपवाटिकेकडे बोट दाखवते आणि रोपवाटिका ढगाळ हवेकडे. ढगांवर दावा कोण लावणार?

तेव्हा मागणी अशी. विद्यापीठाने लेबलचा एक नमुना ठरवावा. मातृरोप कुठलं, फेऱ्या किती, विषाणू तपासणी कोणत्या तारखेची, दुसरं हार्डनिंग कोणत्या गावात, हे त्यावर असावं, गुजरातीत आणि मराठीतही. विक्रीआधी शेडनेटमधल्या रोपांचे नमुने पुन्हा तपासले जावेत. खाजगी कंपन्या लगेच ऐकणार नाहीत, हे ठाऊक आहे. पण विद्यापीठाच्या शिफारशीत हे आलं, तर गिऱ्हाईक लेबल मागायला लागेल. येत्या मृगबागेच्या आधी एवढं कराच.

आपला,
उधन्यातला एक खानदेशी केळीवाला