मैदानाच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे?

देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या मुलाच्या अंगातही आज लिव्हरपूलचा वा बार्सिलोनाचा शर्ट दिसतो. शिक्षणासाठी, नोकरीसाठी युरोपात गेलेले मराठी तरुण तेथील जुनी फुटबॉल मैदाने पाहण्यासाठी पदरमोड करून गावोगाव हिंडतात. या हौसेची टवाळी करण्याचे कारण नाही. पायी पंढरी गाठणाऱ्या समाजाला तरी ती परकी वाटू नये. मात्र ज्या जागेच्या दर्शनाला आपण निघालो ती उभी कोणी केली आणि आज ती कोणाच्या ताब्यात आहे, एवढे प्रवाशाने विचारले पाहिजे.

आर्सेनल हा संघ १८८६ साली वूलविचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांनी काढला. न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांच्या १८७८ मधील संघाचा पुढे मँचेस्टर युनायटेड झाला. वेस्ट हॅमचे मूळ टेम्सकाठच्या जहाजबांधणी कारखान्यात आहे. शनिवारी दुपारी तीन ही इंग्लंडमधील सामन्याची परंपरागत वेळदेखील कामगारांच्या अर्ध्या सुटीने ठरविली. कापडगिरण्यांना शनिवारी दोन वाजता काम थांबविण्याचे बंधन १८५० च्या कायद्याने घातले, त्यानंतर ही सुटी हळूहळू इतर धंद्यांत पसरली. पायऱ्यांवर उभे राहून खेळ पाहणारा हा श्रमिकवर्ग तिकिटाच्या पैशांतून क्लब पोसत होता. मालकीच्या कागदावर मात्र त्याचे नाव क्वचितच चढले.

त्याची किंमत त्याला मोजावी लागली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलहून आलेले प्रेक्षक कुंपणाआड चेंगरले. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवरच ढकलला. ते निर्दोष होते हे ज्युरीने सांगेपर्यंत २०१६ साल उजाडले. सत्तावीस वर्षे! न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांत उभे राहण्याच्या पायऱ्या गेल्या व खुर्च्या आल्या. खुर्चीचा दर उभ्या प्रेक्षकाच्या खिशाला परवडेल असा ठेवता येईल, असेही त्या अहवालात म्हटले होते. क्लबांच्या चालकांनी खुर्च्या तेवढ्या घेतल्या, दराचे वाक्य सोडून दिले. सुरक्षिततेच्या नावाखाली गरीब प्रेक्षकाची हकालपट्टी झाली. आर्सेनलने १९१३ पासूनचे हायबरी मैदान २००६ मध्ये सोडले. तेथे आता फ्लॅट आहेत. इतर मैदानांत तिकीट काढून पोशाखाची खोली दाखविली जाते.

तथापि हे अटळ होते असे मानणे चुकीचे ठरेल. लिव्हरपूलच्या मालकांनी ७७ पौंडांचे तिकीट जाहीर करताच फेब्रुवारी २०१६ मध्ये हजारो प्रेक्षक बरोबर ७७ व्या मिनिटाला मैदान सोडून बाहेर पडले. चारच दिवसांत मालकांनी माघार घेतली. त्याच वर्षी परगावी जाणाऱ्या समर्थकांसाठी प्रीमियर लीगमध्ये तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आली, तीही प्रेक्षकांच्या संघटित मोहिमेमुळे. जर्मनीत तर १९९८ पासूनच्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, क्लबच्या कंपनीत निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या संस्थेकडे राहतो. डॉर्टमुंडच्या एकाच सज्जात सुमारे २५ हजार माणसे आजही उभी राहून खेळ पाहतात. सहकारी संस्थेत भागापेक्षा सभासद मोठा, हे महाराष्ट्राला शिकवावे लागू नये. (आपल्या सहकारी संस्थांत तो कितपत मोठा उरला, हा वेगळा विषय.)

महाराष्ट्रातही मैदानाचा एक वेगळा आदर्श आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या दौऱ्यावर गेले. रोमचे कलोसियम पाहून त्यांना कोल्हापुरात तसे मैदान बांधावेसे वाटले, असे सांगितले जाते. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबागेत मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी अशी ही रचना. युरोपातून काय आणावे याची जाण त्या राजाला होती.

कसमादे पट्ट्यात यात्रेच्या कुस्त्या अजून लोकवर्गणीवर होतात आणि पाहणाऱ्याला तिकीट पडत नाही. जेथे आखाडा खणला जातो ती जागा गावठाणात आहे, गायरानात आहे की कोणा खासगी मालकाच्या सातबाऱ्यावर, हे कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत विचारून घ्यावे.