चाक काढून बघायला काय हरकत आहे?

दसऱ्याला गाडी धुवायची, हळदकुंकू लावायचं, हँडलला झेंडूची माळ घालायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. आमच्या घरी त्यात एक जास्तीचं काम असतं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी मोटारसायकलची दोन्ही चाकं काढतो. अंगणात गोणपाट पसरायचं, पाने मांडायचे, शेजारी चहाचा कप. आणि मग येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून काहीतरी बोलतोच.

"काय भाऊ, गाडी इकनी शे का?" हे शेजारचे आबा. दर वर्षी हाच प्रश्न आणि दर वर्षी तेच हसणं. सासूबाईंनी तर एकदा बायकोला फोनवर हळूच विचारलं होतं, "जावयांचं बरं चाललंय ना? गॅरेजला द्यायला पैसे नाहीत का?"

आहेत हो, पैसे आहेत. (सासूबाई, हे वाचत असाल तर रागावू नका.) पण प्रश्न पैशाचा नाहीच. या वर्षी असं काही घडलं, की हे सगळं एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं.

माझ्या भाच्याला धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर नोकरी लागली. पोराने एक जुनी शंभर सीसीची गाडी घेतली आणि ती दाखवायला शहाद्याला आमच्याकडे आला. गाडी अशी चकाचक, की रिममध्ये तोंड बघावं! आदल्याच दिवशी वॉशिंग सेंटरवर धुतलेली. "मामा, ॲव्हरेज साठचं देते," म्हणाला. मी सवयीने मागच्या ब्रेकच्या रॉडकडे बघितलं. रॉडच्या टोकाला जो नट असतो ना, ब्रेक कमी-जास्त करायचा, तो आट्यांच्या शेवटपर्यंत आलेला होता.

म्हटलं, "हा कोणी आवळला?"

"मीच. ब्रेक ढिला लागला की थोडा आवळतो."

ब्रेक ढिला होतो कारण आतला लायनर झिजतो. नट आवळला की झीज भरून निघाल्यासारखी वाटते, पण लायनर काही परत वाढत नाही. आणि हा पोरगा त्या गाडीवर तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला जायचा होता. दर आठवड्याला. कधीतरी मागे आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, बसवून.

चाक काढलं. लायनर कागदासारखा पातळ, एका टोकाला तर धातूच दिसत होता. भाच्याचा चेहरा उतरला. रिममध्ये तोंड दिसत होतं खरं, पण ब्रेक कुठे होता?

इथे मला एक जुनी जाहिरात आठवते. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हाची. फिल इट, शट इट, फर्गेट इट! पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. जाहिरात पेट्रोलबद्दल होती आणि गाडीही खरोखर तशी होती, कमी पिणारी. पण आपण मात्र 'विसरून जा' एवढंच लक्षात ठेवलं आणि ते सगळ्या गाडीला लावलं. चेन वाजेपर्यंत चेन विसरायची. पंक्चर होईपर्यंत टायर विसरायचा. आणि ब्रेक? तो आठवण करून देतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

बघा, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथला जाणता गिऱ्हाईक नुसती घोड्याची झूल बघून पैसे मोजत नाही. पाय उचलून खूर बघतो, दात बघतो, चालवून बघतो. आपण मात्र गाडी घेताना ॲव्हरेज विचारतो आणि रंग बघतो. खूर कोण बघणार?

मागचं चाक काढणं तसं अवघड नाही. गाडी डबल स्टँडवर. ब्रेक रॉडचा नट काढायचा. ब्रेकच्या प्लेटला मागून धरून ठेवणारी एक पट्टी असते, तिचा नट काढायचा. मग एक्सलचा नट, आणि एक्सल हळूच बाहेर ओढायचा. बुश कुठल्या बाजूचा आहे ते लक्षात ठेवायचं. आमच्या गाडीत चेन आणि मागचं चक्कर जागच्या जागी राहतं, चाक तेवढं रबरांतून सुटून हातात येतं. गाडी थोडी कलती करायला मात्र दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे तो मान बायकोचा.

मग दिसतं ते खरं दिसतं. आपली काळी माती पावसाळ्यात चाक आणि मडगार्ड यांच्यात अशी थापली जाते, की शेतरस्त्याला चाक फिरायचंच थांबतं. ती वाळून तिथेच बसलेली असते, चेनच्या तेलात कालवून तिचा डांबरासारखा लगदा झालेला असतो. बाभळीच्या काडीने ती उकरायची. चेनकडची घाण डिझेलच्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने. टायरला आणि लायनरला मात्र डिझेल लागू द्यायचं नाही. ड्रमच्या आतली काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसायची. तिला फुंकर मारू नका, हे हात जोडून सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. फुंकर मारणारे मी खूप बघितलेत. लहानपणी मीही मारलेली आहे.

हे सगळं कशासाठी, तर त्या बशीएवढ्या ड्रमसाठी. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. तिथून खाली येताना आठशे मीटर तरी उतार धरा. दोन माणसं बसलेली गाडी म्हणजे अडीचशे किलो. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात सहा लिटर पाणी उकळेल! इंजिन आणि वारा त्यातला बराच वाटा घेतात म्हणून बरं, उरलेलं सगळं त्या दोन बशा गिळतात. म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा असं म्हातारे सांगतात. त्यांनी हा हिशोब केलेला नसतो, पण त्यांना तो माहीत असतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण ज्याचं काम त्याने करावं. मान्य! कारण मी स्वतः माती खाल्लेली आहे.

२००९ ची दिवाळी. मी ऐटीत चाक काढलं, धुतलं, बसवलं. ती ब्रेक प्लेटची पट्टी मी सांगितली ना? तिचा नट हाताने लावला, म्हटलं पान्याने शेवटी आवळू. शेवटी चहा आला, पाहुणे आले, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी बायको आणि मांडीवर चार वर्षांची मुलगी घेऊन निघालो. गल्लीच्या वळणावर ब्रेक दाबला आणि खाडकन आवाज. नट पडून पट्टी सुटलेली, ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरली, रॉड वाकला, चाक जागीच जाम. वेग नव्हता म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. मुलीच्या हातातली पिशवी उडून लाडू रस्ताभर. ते लाडू मला अजून दिसतात. हीच गोष्ट डोंगरात घडली असती तर?

त्यानंतर आमच्याकडे एक नियम आहे. निघालेला प्रत्येक नट परातीत, निघाला त्या क्रमाने. बसवताना परात रिकामी झाली पाहिजे. आणि शेवटी दुसऱ्या माणसाने पाना घेऊन प्रत्येक नट तपासायचा. तपासणी बायको करते. ती लाडू विसरलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं नाही की मिस्त्रीकडे जाऊ नका. बेअरिंग बदलणं, चाक आउट असेल तर तारा ओढून सरळ करणं, डिस्क ब्रेकचं तेल, हे त्यांचंच काम. नव्या गाड्यांचं अजून वेगळं. २०१९ च्या एप्रिलपासून छोट्या गाड्यांनाही जोडब्रेक किंवा एबीएस आलं. जोडब्रेकमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो, तिथे पुस्तिका वाचल्याशिवाय हात घालू नये. त्यांच्या पोटावर पाय आणायचाही विचार नाही. उलट ज्याने एकदा चाक काढून बघितलंय, त्यालाच मिस्त्रीच्या कामाची किंमत कळते. 'मागचा ब्रेक बघा' आणि 'लायनर संपलाय, ड्रमला चरे पडलेत का बघा' यात फरक आहे. दुसरं वाक्य बोलणाऱ्याला कोणी घाईघाईत नट आवळून परत पाठवत नाही.

भाच्याचे लायनर आम्ही त्याच दिवशी बदलले. बसवायला त्यालाच लावलं. एक्सल आवळताना ब्रेक दाबून धर म्हणजे प्लेट मधोमध बसते, चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव, एवढं सांगितलं. तीन तास लागले. बोटं काळी, शर्टाची वाट लागलेली. परात रिकामी झाली तेव्हा स्वारी खुशीत होती. मग मामींनी पाना घेतला आणि एक नट अजून पाव आटा फिरला. भाचा ओशाळला. मी काही बोललो नाही, मला बोलायचा अधिकारच नाही.

परवा त्याचा धडगावहून फोन आला. शाळेतल्या दोन सरांच्या गाड्यांचे रॉड त्याने बघितले म्हणे. एकाचा नट शेवटपर्यंत आलेला होता.

तुमचा कुठपर्यंत आलाय? वाचून झालं की अंगणात जाऊन बघा बरं. चाक नका काढू लगेच, नुसतं वाका आणि बघा.