आधी आपली व्हाइटलिस्ट तपासा

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार नागरी सहकारी बँकांसह सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या डोमेनवर जायचे होते. तरीही शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीच्या वाचकांची तक्रार कायम आहे: बँकेच्या जुन्या पत्त्यावरून बनावट मेल येते आणि फिल्टर ती सोडतो.

का सोडतो? एका फाउंड्रीच्या सर्व्हरवर आम्ही स्वतः स्पॅमअसॅसिनची कॉन्फिग उघडली. बँकेच्या जुन्या डोमेनसाठी तिथे 'व्हाइटलिस्ट फ्रॉम'ची ओळ होती. कधीतरी स्टेटमेंट स्पॅममध्ये गेले, अकाउंट्सवाल्यांनी ओरड केली आणि कुणीतरी ती ओळ टाकून मोकळा झाला. ही ओळ फक्त पाठवणाऱ्याचा लिहिलेला पत्ता पाहते, आणि 'फ्रॉम'मध्ये तो कुणालाही लिहिता येतो. जुळला की शंभर गुण वजा. मग एसपीएफ, डीकेआयएम दोन्ही नापास होऊन पडलेले थोडेसे गुण काय करणार? बँकेने डीएमआर्क 'रिजेक्ट' लावले असले तरी आपणच ते मोडीत काढतो.

'रिजेक्ट पाळले तर फॉरवर्ड झालेली मेल अडकेल' ही सबब आता पुरे. फॉरवर्डिंगमध्ये एसपीएफ तुटतो, पण मजकुराला हात लागला नसेल तर डीकेआयएमची सही टिकते, आणि डीएमआर्कला जुळणारा एकच पास पुरतो. धास्ती वाटत असेल तर आधी क्वारंटाइन करा. पण आरस्पॅमडीत नुसते सिम्बॉल उमटताना पाहून समाधान मानू नका. कृती आपल्यालाच नेमावी लागते. स्पॅमअसॅसिन ४ मध्येही डीएमआर्क प्लगइनला पर्लचे मेल-डीएमआर्क मॉड्यूल लागते. ते बसवले आहे का, पाहा.

बँकांच्या आयटी विभागांनाही सांगणे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जीमेलने दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना डीएमआर्क सक्तीचे केले, तेव्हा अनेकांनी 'पी बरोबर नन' लिहून वेळ मारून नेली. अहवाल कुणी उघडले नाहीत. ज्या जुन्या डोमेनवरून आता मेल जाणारच नाही, त्याचा एसपीएफ 'वजा ऑल' करा, डीएमआर्क 'रिजेक्ट' करा, आणि त्याचे नूतनीकरण चुकवू नका. सुटलेले डोमेन उद्या भलताच कुणी घेईल.

मित्रहो, आज रात्रीच 'व्हाइटलिस्ट फ्रॉम' शोधा आणि प्रत्येक ओळीच्या जागी 'वेलकमलिस्ट ऑथ' लिहा. जुनी आवृत्ती असेल तर 'व्हाइटलिस्ट ऑथ'. ज्या बँकेच्या जुन्या डोमेनवर डीएमआर्क पॉलिसी नाही, तिला लेखी कळवा आणि पोच घ्या.