पळसदेव आणि लालू : बुडालेल्या गावांची नोंद कोण ठेवणार?

१/१०
इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि टोकाशी नीरा नरसिंहपूरचा संगम. तिन्ही बाजूंना नद्या, तरीही हा प्रदेश पर्जन्यछायेतला. बारामती-इंदापूरचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणूनच पाणी अडवण्याचा इतिहास आहे.

२/१०
पहिला टप्पा नीरेचा. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पुढे या माळरानावर ऊस उभा राहिला. त्या कालव्यासाठी वरच्या अंगाला भोरजवळ, वेळवंडीच्या खोऱ्यात भाटघरचा जलाशय झाला. जमीन तिकडे बुडाली, पीक इकडे आले.

३/१०
दुसऱ्या टप्प्यात बुडण्याची पाळी इंदापूरची होती. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात; फुगवटा मात्र इंदापूर, करमाळा आणि दौंडपर्यंत. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यांपैकी ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा.

४/१०
या फुगवट्यात जुने पळसदेव गेले. गाव उंचावर, पुणे-सोलापूर रस्त्याकडे सरकले. पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर पाण्यातच राहिले. धरण मृतसाठ्यात गेले की त्याचे शिखर वर येते, आणि पाणी फारच आटले तर सभामंडपही उघडा पडतो. नदीकाठचे मंदिर असे काही आठवड्यांपुरते बेट होते.

५/१०
याच्याशी ताडून पाहावे असे एक बेट तैवानमध्ये आहे. मध्य तैवानच्या डोंगरात सूर्य-चंद्र सरोवर नावाचा जलाशय असून त्याच्या मधोमध लालू बेट आहे. थाओ या आदिवासी समाजाची श्रद्धा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे आत्मे तेथे वास करतात.

६/१०
तैवानवर १८९५ ते १९४५ जपानची सत्ता होती. जलविद्युत प्रकल्पासाठी जपान्यांनी सरोवराची पातळी वाढवली. १९३४ मध्ये काम पुरे झाले. बेटाचा बहुतेक भाग बुडाला, थाओंना दुसऱ्या काठावर हलवण्यात आले. बेटाला जपानी नाव मिळाले, १९४५ नंतर चिनी. पुढे तेथे पर्यटकांसाठी विवाहदेवतेचा मंडपही उभा राहिला.

७/१०
२१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात तो मंडप कोसळला. त्यानंतर बेटाला ‘लालू’ हे मूळ नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये थाओंना स्वतंत्र जमात म्हणून शासकीय मान्यता मिळाली. बुडालेली जमीन परत आली नाही. पण ती कोणाची होती, हे अधिकृतपणे नोंदले गेले.

८/१०
उजनीच्या काठावर नेमके हेच राहून गेले आहे. मंदिर वर आले की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, होड्यांतून माणसे पाहायला जातात, पावसाळा आला की विषय संपतो. वेस कोठे होती, बाजार कोठे भरत असे, कोणत्या आळीत कोण राहत असे, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही.

९/१०
उजनी नको होती, असे याचा अर्थ नव्हे. सोलापूरची तहान तिच्यावर भागते. इंदापूरच्या काठावरचा ऊस आणि मासेमारीही तिच्यावरच उभी आहे. पण लाभाचा हिशेब टीएमसीत ठेवला जातो, तर त्याची किंमत मोजलेल्या गावांची नोंदही तितक्याच काटेकोरपणे ठेवली जावी. एकाशिवाय दुसरा हिशेब अपुरा.

१०/१०
१९८० मध्ये विशीत असलेली माणसे आज पासष्टीच्या पुढे आहेत. जुने गावठाण डोळ्यांपुढे उभे करू शकणारी ही शेवटची पिढी. पुढच्या उन्हाळ्यात शिखर दिसू लागेल, तेव्हा ग्रामपंचायतींनी, शाळांनी आणि महाविद्यालयांनी या वृद्धांना काठावर बसवून जुन्या गावांचे नकाशे काढून घ्यावेत. मंदिर दगडाचे आहे, ते पुन्हा वर येईल. माणसांच्या आठवणींना तशी सवलत नाही.