रायबंदरचे ऑर्थोडॉक्स

'ऑर्थोडॉक्स' हा शब्द आपण मराठी माणसे फार स्वस्तात वापरतो. कुणी एकादशी धरली, ऑर्थोडॉक्स. कुणी परगावच्या हॉटेलात पेला दोनदा विसळून घेतला, ऑर्थोडॉक्स. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तर ज्याला मोबाइलवरून पैसे पाठविता येत नाहीत तोही ऑर्थोडॉक्सच ठरतो. आमच्या घरी ही पदवी एकमताने सासूबाईंकडे गेलेली आहे. वय पंच्याहत्तर, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणी सोमवार, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर चपला. नातवंडे त्यांना तोंडावर ऑर्थोडॉक्स म्हणतात आणि त्याही तो शब्द 'सौभाग्यवती'सारखा शांतपणे स्वीकारतात.

मी मराठी शिकविते, तेव्हा शब्द उकलून पाहण्याची खोड मला असायचीच. मूळ शब्द ग्रीक. 'ऑर्थो' म्हणजे सरळ, नीट. 'डॉक्सा'चे अर्थ मात्र दोन: एक मत, दुसरा महिमा. नीट मत बाळगणारा तो ऑर्थोडॉक्स. आणि देवाचा महिमा नीट गाणारा तोही ऑर्थोडॉक्स. रशियन लोकांनी आपल्या भाषेत या शब्दाचे भाषांतर करताना दुसरा अर्थ उचलला. आपण पहिला उचलला, आणि त्याला आपल्याकडचा 'कर्मठ' चिकटवून मोकळे झालो.

हे सगळे आठवायला कारण झाले ते गोव्याचे. गेल्या मे महिन्यात पेपर तपासून हातावेगळे केले आणि तीन दिवसांसाठी आम्ही पणजीला गेलो. आम्ही म्हणजे मी, हे आणि सासूबाई. वाचकांना वाटेल की चिकलठाण्याची माणसे विमानानेच गेली असतील! विमानतळ आमच्या गावात आहे हे खरे. विमाने आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात की दोरीवरचे कपडे हलल्याचा भास होतो. पण आमचा प्रवास झाला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच. विमानाचा आम्हांला उपयोग म्हणजे त्यातून उतरणारी माणसे पाहणे. कैलास लेणे तासाभरात उरकून घड्याळाकडे बघणारे परदेशी प्रवासी मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यामुळे परक्याच्या देवळात आपण कसे दिसत असू, याची धास्ती मला नेहमी असते.

पहिल्या दिवशी जुने गोवे. तिथले 'से' कॅथीड्रल पाहिल्याशिवाय कुणी परत येत नाही, आणि येऊही नये. 'से' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ पीठ, आसन. शंकराचार्यांचे पीठ म्हणतो तसे हे आर्चबिशपांचे पीठ. 'कॅथीड्रल' या शब्दातही पुन्हा खुर्चीच आहे. या इमारतीचे काम १५६२ साली सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी तिकडे मॉस्कोच्या तांबड्या चौकात आज कांद्याच्या आकाराच्या घुमटांनी ओळखले जाणारे सेंट बॅसिलचे चर्च पुरे झाले होते. ऑर्थोडॉक्स चर्च म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते हेच. मॉस्कोत साडेपाच-सहा वर्षांत काम संपले. गोव्यात मुख्य इमारतच १६१९पर्यंत चालली आणि वेद्यांचे सोनेरी काम त्याच्याही पुढे. सरकारी बांधकामाला वेळ लागतो ही तक्रार फार जुनी दिसते.

समोरून पाहिले की इमारत एका खांद्याने खचल्यासारखी वाटते. पूर्वी दोन मनोरे होते. उत्तरेकडचा १७७६ साली कोसळला, तो पुन्हा कुणी बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध सोन्याची घंटा आहे. नावाचीच सोन्याची, पण आवाज म्हणे तसा. इन्क्विझिशनच्या काळात शिक्षेचे जाहीर सोहळे होत तेव्हाही हीच घंटा वाजत असे, असे सांगतात. आत शिरले की पहिल्यांदा जाणवते ती उंची. पांढऱ्या भिंती, जाड खांब, आणि अगदी शेवटी सोन्याच्या मुलाम्याची भिंतभर वेदी. ती अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनची. कारण २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी, अफोंसो द आल्बुकेर्कने गोवे जिंकले. वेदीवरच्या चौकटींत तिच्या छळाची आणि मरणाची चित्रे कोरलेली आहेत. जिच्यावर राजसत्तेने अत्याचार केले त्या मुलीच्या नावाने एका राजसत्तेने आपला विजय साजरा करावा, हे मला नाही म्हटले तरी खटकलेच. पण काम सुरेख आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

सासूबाई मात्र दारातच अडल्या होत्या. सगळे लोक पायांत बूट-चपला घालून आत चालले होते. त्यांनी आपल्या चपला काढून हातात घेतल्या आणि तशाच, हातात चपला धरून, वेदीपर्यंत गेल्या. रखवालदार पाहत राहिला. काहीच बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

मला तिथे आठवण आली ती फादर स्टीफन्सची. हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि इथलीच भाषा शिकून त्याने ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. १६१९ साली तो वारला. म्हणजे इकडे कॅथीड्रल उभे राहत होते त्याच चाळीस वर्षांत तिकडे साष्टीत हा मनुष्य मराठी ओव्या रचीत बसला होता. बी. ए.च्या वर्गात मी दर वर्षी स्टीफन्स शिकविते, मुलांना तो आवडतोही. मात्र त्याच काळात याच पीठावर बसलेला दुसरा एक मनुष्य अभ्यासक्रमात नाही. त्याचे नाव आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस.

केरळात फार जुने ख्रिस्ती आहेत. इसवी सन ५२ मध्ये संत थॉमस स्वतः मलबारच्या किनाऱ्याला उतरला, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांची उपासना सिरियाक भाषेत, बिशप येत ते पश्चिम आशियातून. रोमचा त्यांच्यावर हुकूम नव्हता. १५९९ साली हे मेनेझिस गोव्याहून केरळात गेले, उदयंपेरूरला सभा भरवली आणि त्या सगळ्यांना रोमच्या छत्राखाली आणले. त्यांचे सिरियाक ग्रंथ पाखंडी ठरवून जाळण्यात आले. भाषा शिकविणाऱ्या माणसाला जाळलेल्या ग्रंथांची बातमी चारशे वर्षांनीही शिळी वाटत नाही. पुढे १६५३ साली मट्टांचेरीला हजारो लोक जमले. सगळ्यांचे हात क्रुसाला पोहोचेनात, म्हणून क्रुसाला दोर बांधून ते दोर धरले आणि शपथ घेतली की यापुढे या पाद्र्यांचे ऐकणार नाही. त्यांतल्या ज्यांनी पुढे अंत्योखच्या पाट्रिआर्कशी नाते जोडले, त्यांच्या वंशजांतले पुष्कळ आज स्वतःला ऑर्थोडॉक्स म्हणवितात. मॉस्को-अथेन्सचे ऑर्थोडॉक्स निराळे आणि हे निराळे; त्यांची फारकत ४५१ सालच्या एका परिषदेपासूनची आहे. त्या तपशिलात वाचकांना दिवाळीच्या दिवसांत ओढीत नाही.

दुसरा दिवस रविवार. जुन्या गोव्याकडून पणजीकडे येताना वाटेत रायबंदर लागते. तिथून पणजीपर्यंत मांडवीच्या काठाकाठाने एक लांबच लांब दगडी बांध-पूल आहे, पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली बांधलेला. आजही त्यावरून बसगाड्या धावतात. या रायबंदरात सेंट मेरीचे ऑर्थोडॉक्स चर्च आहे. प्रवाशांच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. आम्ही गेलो ते एका समाधीसाठी.

आंतोनियु फ्रान्सिश्कु शाव्हियेर आल्वारिश हा मूळचा वेर्णे गावचा, जन्म १८३६चा. कॅथलिक पाद्री झाला. हाडाचा पत्रकारही होता. पोर्तुगीजमध्ये एकामागून एक पत्रे काढली आणि सरकार व धर्माधिकारी या दोघांनाही दुखविले. १८८६ साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला, आणि ब्रिटिश मुलखातली व सिलोनमधली पुष्कळशी चर्चेस गोव्याच्या अधिकाराखालून काढून रोमने पाठविलेल्या मिशनऱ्यांच्या हाती गेली. हे आल्वारिशना आणि त्यांच्या अनेक अनुयायांना मान्य झाले नाही. शेवटी त्यांनी कॅथलिक चर्च सोडले, आणि सोडून गेले कुठे? ज्यांचे ग्रंथ गोव्याच्या आर्चबिशपाने जाळले होते, त्याच केरळच्या सिरियन ख्रिस्त्यांकडे! १८८९ साली कोट्टयमला त्यांना बिशपची दीक्षा मिळाली. नाव मार युलियस; पदवी गोवा, सिलोन आणि बृहद्भारताचे मेट्रोपॉलिटन. इतकी मोठी पदवी, आणि बसायला पीठ म्हणावे असे काही नाही. १८९२ साली त्यांनी कोलंबोला अमेरिकेतून आलेल्या एका फ्रेंच पाद्र्याला बिशप केले. युरोप-अमेरिकेतली कितीतरी लहानलहान स्वतंत्र चर्चेस आजही आपली बिशपपरंपरा त्या दीक्षेपासून मोजतात. गोव्यात मात्र पोलिसांनी त्यांना पकडले, अंगावरची बिशपची वस्त्रे उतरविली, राजद्रोहाचा आरोप ठेवला. न्यायालयाने निर्दोष म्हणून सोडले. त्यापुढे ते साध्या काळ्या झग्यात राहिले.

मला या माणसाचे पुढचे आयुष्य जास्त मोलाचे वाटते. पणजीत त्यांनी निराधारांसाठी आश्रम चालविला. त्यासाठी लोकांपुढे हात पसरला. कॉलऱ्याच्या साथीत उपचार कसा करावा याची पुस्तिका लिहिली. धान्याची टंचाई पडते म्हणून गोवेकरांनी कसावा लावावा, असे सांगणारी आणखी एक पुस्तिका लिहिली. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या धर्मादाय रुग्णालयात ते वारले. कॅथलिक चर्चच्या लेखी ते बहिष्कृत होते. सांत इनेजच्या स्मशानभूमीत एका कोपऱ्यात त्यांना पुरले, आणि चर्चने पाठ फिरविलेल्या त्या माणसाच्या अंत्ययात्रेला गावचे गाव लोटले होते. १९२७ साली चाहत्यांनी अस्थी गोळा करून तिथेच नीट ठेवल्या, वर दगड बसविला. पुढे १९७९ साली त्या रायबंदरच्या या चर्चमध्ये आणल्या गेल्या आणि २००१ साली त्यांवर आजची समाधी झाली.

बसमध्ये मी हे सगळे सासूबाईंना थोडक्यात सांगितले. त्यांनी खिडकीबाहेर मांडवीकडे पाहत विचारले,

"मग त्यानं देव सोडला का?"

"नाही, आई."

"प्रार्थना, उपास?"

"त्यातलं काहीच नाही."

"मग एवढं काहून चिडले लोक? सोडलं काय त्यानं?"

"पीठ," मी म्हणाले.

त्या 'हं' म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्या गप्प का झाल्या ते मला माहीत होते, कारण लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षीची ती गोष्ट आहे. नवरात्रात त्या शेजारच्या एका बाईंना घेऊन देवीची ओटी भरायला गेल्या. शेजारीण विधवा. देवळात जमलेल्या बायकांनी आणि पुजाऱ्याने तिला गाभाऱ्याच्या पायरीवरूनच परत फिरविले. सासूबाई तेव्हा सवाष्ण होत्या. त्यांना कुणी अडविले नव्हते. पण त्यांनी भरलेली ओटी तशीच उचलली, घरी आणली आणि तुळशीपुढे ठेवली. त्या देवळात पुन्हा पाऊल टाकले नाही. भावकीने वर्षभर बोल लावले, हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, एका पुतण्याच्या लग्नात त्यांना मांडवाच्या कडेला बसविले. दर नवरात्रात ओटी मात्र भरली जाते, तुळशीपुढे, शेजारीणही बरोबर असते. आता तर दोघीही विधवा आहेत. एक उपास चुकला नाही, एक सण राहिला नाही. घरातली मुले त्यांना ऑर्थोडॉक्स म्हणतात ती याच हिशेबाने.

रायबंदरला पोचलो तेव्हा उपासना नुकतीच संपली होती. बायका डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडत होत्या, धुपाचा वास हवेत होता, बोलणे सगळे मल्याळममध्ये. दाराशी चपलांची रांग! सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. "हे बघ, इथं रीत आहे," त्या म्हणाल्या आणि आपला जोड त्या रांगेत नीट लावून आत गेल्या. वेदीपुढे पडदा ओढलेला होता. "नैवेद्य चाललाय वाटतं," असे म्हणून त्या पडद्याला हात जोडून उभ्या राहिल्या. मी सांगणार होते, की यांच्याकडेही उपासनेत ठरावीक वेळी पडदा उघडतो नि मिटतो. पण त्यांना ते सांगायची गरज दिसली नाही.

समाधीपाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. 'से'मध्ये त्यांनी वेदीच्या सोन्याचा अंदाज बांधला होता; इथे काहीच विचारले नाही. पदराच्या टोकाने कडेची धूळ टिपली. आमचे हे हळूच म्हणाले, "साबुदाण्याचं सांग की तिला." मी सांगितले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, पुन्हा समाधीकडे पाहिले आणि वाकून नमस्कार केला.

पांढऱ्या लुंगीतले एक वयस्कर गृहस्थ केव्हापासून आमच्याकडे पाहत होते. जवळ येऊन त्यांनी मोडक्या हिंदीत अदबीने विचारले, "अम्मा, आप क्रिश्चन है?"

"नाही बाबा," सासूबाई म्हणाल्या, "हम ऑर्थोडॉक्स है."

गृहस्थांचा चेहरा खुलला. "अच्छा! हम भी! आपका कौन-सा पळ्ळी?"

पळ्ळी म्हणजे त्यांच्याकडे चर्च. सासूबाईंना ते गाव वाटले.

"चिकलठाणा," त्या म्हणाल्या.