कॉम्प्युटरमध्ये लपलेला हेर : तळोजा जेलशी जोडलेल्या प्रकरणातून काय शिकायचे?

पनवेल : तळोजा कारागृह आपल्या पनवेल तालुक्यातच. एल्गार परिषद प्रकरणातले अनेक आरोपी याच जेलमध्ये वर्षानुवर्षे होते. या खटल्याचे राजकारण बाजूला ठेवू. पण त्यातला एक मुद्दा घरी कॉम्प्युटर असलेल्या प्रत्येकाच्या कामाचा आहे, तो म्हणजे स्पायवेअर.

आरोपी रोना विल्सन यांचा लॅपटॉप पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीत जप्त केला. त्यात सापडलेली पत्रे हा खटल्यातला मोठा पुरावा. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने त्याची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. त्यानुसार जून २०१६ मध्ये ओळखीच्या माणसाच्या ईमेलवरून आलेली एक फाईल उघडली गेली, 'नेटवायर' नावाचा प्रोग्राम आत शिरला आणि जवळपास २२ महिने लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात होता. ती पत्रेही बाहेरूनच ठेवली गेली, असा अहवालाचा दावा आहे. एनआयएला हा दावा मान्य नाही. विल्सन यांना ८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तो खटला लांबल्यामुळे. पुरावा खरा की खोटा, याचा निकाल त्यात लागलेला नाही.

नेटवायर काही मोठे शस्त्र नव्हते

ते इंटरनेटवर उघडपणे विकले जायचे. विकणारी वेबसाईट अमेरिकी यंत्रणांनी बंद केली ती मार्च २०२३ मध्ये. म्हणजे असा हेर फक्त सरकारे किंवा बडे लोकच वापरतात, हा समज चुकीचा. तुम्ही काय टाईप करता, कोणता पासवर्ड टाकता हे तो बघतो, फाईल नेतो आणि नवी फाईल ठेवूही शकतो. सातबारा, आधार, जमिनीच्या मोबदल्याचे कागद, बँकेचे खाते, सगळे त्याच मशीनवर असते.

तो घरात येतो कसा?

बहुतेक वेळा दार आपणच उघडतो. फुकटातले क्रॅक सॉफ्टवेअर, अनोळखी पेनड्राईव्ह, बिल म्हणून आलेली झिप फाईल. मोबाईलवर हेच काम लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून आलेली एपीके फाईल करते. पाठवणारा ओळखीचा आहे, एवढ्यावर जाऊ नका. त्याचेच खाते कुणी पळवलेले असू शकते. आधी फोन करून विचारा, मगच फाईल उघडा.

संशय आला तर

मशीन अचानक मंद झाले, कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला, अँटिव्हायरस बंद दिसला, तर आधी इंटरनेट तोडा. पासवर्ड त्याच मशीनवरून बदलू नका, नाहीतर नवा पासवर्डही चोराच्या हाती जाईल. दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून बदला. मग विंडोज सिक्युरिटीचे फुल स्कॅन आणि ऑफलाईन स्कॅन चालवा. तरी शंका राहिली तर फोटो-कागद बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणे बरे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात घ्या.

मात्र पैसे गेले असतील किंवा कुणी धमकावत असेल, तर फॉरमॅटची घाई नको. पुरावा त्या मशीनमध्येच असतो. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये असा प्रोग्राम घालणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये खरे काय घडले, ते कोर्ट ठरवेल. पण आपल्या मशीनमध्ये काय आहे आणि ते कुणी ठेवले, हे सांगायची वेळ आपल्यावरही येऊ शकते. त्यासाठी आजच एक स्कॅन करून घ्यायला काय हरकत आहे?